गोड्या पाण्याचा दाखला

आमच्या घरातल्या माणसाला समुद्राच्या हवेची माहिती असेल, हे जळगाव जामोदच्या बाजारात कोणी खरे मानले नसते. तरीही माझ्या वडिलांना ती माहिती किनाऱ्यावरच्या पुष्कळ बंगलेवाल्यांपेक्षा अधिक होती, असे मी पुराव्यानिशी म्हणू शकतो. बाबा डांबरी कामाचे मुकादम होते. कापूस वेचून झाला आणि तूर खळ्यावर आली की गावातली दहाबारा माणसे घेऊन ते कोकणपट्टीत उतरत आणि होळीपर्यंत तिकडच्या हॉटेलांची व कारखान्यांची आवारे, फाटकापासून पोर्चपर्यंत जाणारे रस्ते, मोटारी उभ्या करण्याच्या जागा यांचे काम करीत. नवा रस्ता करणे हा त्यांचा धंदा नव्हता. केलेला राखणे हा होता. समुद्राचा वारा डांबराला खातो, असे ते सांगत. खार वर बसतो, दिवसा तापतो, पहाटे ओला होतो. डांबर पांढुरके पडते, मग त्याला केसासारख्या चिरा जातात, चिरांत पावसाचे पाणी शिरते आणि खडी हलत्या दातासारखी सुटू लागते. हे होण्याआधी, उन्हाळ्यातच, आवार तारेच्या ब्रशाने घासायचे, गोड्या पाण्याने दोनदा धुऊन खार काढायचा, दोन दिवस कडक ऊन खाऊ द्यायचे, चिरा गरम डांबराने भरायच्या आणि नंतर सबंध जागेवर डांबराचा पातळ थर देऊन त्यावर बारीक कच पसरून रूळ फिरवायचा. या थराला टोळीतले सगळे 'सील' म्हणत. सील नीट बसले तर आवाराचे काही पावसाळे निभावतात. बसले नाही तर खालचे जुने डांबरही घेऊन निघते.

हे सर्व मी इतक्या तपशिलाने लिहितो याला कारण आहे. आमच्या तालुक्याच्या एका कार्यालयापुढे गेल्या उन्हाळ्यात मोटारींसाठी जी जागा डांबरी केली, ती न झाडता, धुळीवरच केली. मी स्वतः उभा राहून पाहिले. त्याविषयी मी संबंधितांना सात पत्रे पाठविली असून एकाचेही उत्तर आलेले नाही. धुळीवर डांबर ओतणारा माणूस अडाणी असतो किंवा चोर असतो, असे मी चौथ्या पत्रात लिहिले. सातव्या पत्रात ते वाक्य मी मागे घेतले. तिसरी शक्यता असू शकते, हे मला आमच्याच घरात शिकायला मिळाले होते.

आमचे गाव तालुक्याच्या दक्षिणेला, पूर्णा नदीकडे उतरत जाणाऱ्या सपाटीत. इथली जमीन काळी आणि पाणी खारे. विहिरी भरपूर, पण त्यांचे पाणी तोंडात घेतले की परका माणूस थुंकून टाकतो. आम्ही त्यावरच वाढलो. साबणाला फेस येत नसे. माय कपडे दगडावर आपटून धूत असे, आणि त्या आपटण्याचा व शेजारच्या हातपंपाच्या किरकिरीचा आवाज हीच आमची सकाळ. बाबांच्या धोतरांवरचे डांबराचे ठिपके कधीही निघाले नाहीत. घरात डांबराचा आणि रॉकेलचा वास कायम असे, कारण बाबा हात रॉकेलने पुसत आणि मग पिठलेभाकर खात. तुरीची डाळ आमच्याकडे शिजतच नसे. ती चुलीवर दोनदोन तास रटरटत राही आणि तरीही ताटात पडली की दाणा दाणा वेगळा दिसे. डाळ ही अशीच असते, दाताखाली येते, असा माझा समज होता. अकरावीला मी रोज एसटीने जळगाव जामोदला जाऊ लागलो, तेव्हा तिथल्या हॉटेलातला चहा मला अळणी लागला. पाणी तर बेचव. सोबतचा एक मुलगा म्हणाला की तुमच्या गावचा पाहुणा आला की आमची आई त्याच्या वरणात मूठभर मीठ टाकते. मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही.

टोळीत डांबराची भट्टी सांभाळणारा माणूस म्हणजे माझा किसनमामा, मायचा धाकटा भाऊ. भट्टी हे जोखमीचे काम. डांबर कमी तापले तर पसरत नाही, जास्त तापले तर जळते आणि त्याचा चिकटपणा जातो. मामा थर्मामीटर वापरीत नसे. पिंपात काडी बुडवून काढायचा, धार कशी तुटते ते पाहायचा आणि सांगायचा. तो थट्टेखोर होता. जेवताना समोरच्याला ठसका लागेपर्यंत हसवी. मला तो वकीलसाहेब म्हणे, कारण मी तेव्हाही ग्रामपंचायतीला पत्रे लिहीत असे. हंगाम संपवून टोळी परत आली की तो प्रथम आमच्या घरी येई, नंतर स्वतःच्या. मी अकरावीत होतो त्या वर्षी तो आला तेव्हा त्याच्या हातात पाच लिटरचा कॅन होता. काम चालले होते त्या हॉटेलच्या बाजूला नारळाच्या एका पडीक वाडीत विहीर सापडली, तिचे पाणी इतके गोड की बहिणीसाठी भरून आणले, असे त्याने सांगितले. समुद्राकाठून जळगाव जामोदपर्यंत, तीन गाड्या बदलून. मायने त्या दिवशी त्या पाण्यात डाळ घातली. डाळ बऱ्यापैकी शिजली. सगळ्यांनी वाखाणणी केली आणि उरलेले पाणी तिने झाकून, सणावारासाठी, कोपऱ्यात ठेवले.

या विहिरीच्या पाण्यानेच टोळीने हॉटेलचे आवार धुतले होते. हॉटेलच्या मालकाने स्वयंपाकघरामागची टाकी दाखवली होती; ती टँकरने भरली जाई. बाबांनी टाकी पाहिली आणि तिला हात लावला नाही. माणसांचे प्यायचे पाणी फरशीवर आणि डांबरावर ओतायचे, हे आमच्याकडच्या माणसाच्या हातून होत नाही. त्यांनी आजूबाजूला शोधले, वाडीतली विहीर सापडली, पाणी काढून चाखले, मामाला चाखायला दिले, दोघांनाही ते गोड लागले. तिथून डोक्यावरून पाणी वाहून त्यांनी ते मोठे आवार दोनदा धुतले. दुप्पट कष्ट पडले. बाबा घरी आल्यावर ही हकिकत समाधानाने सांगत होते, ते मला नीट आठवते.

पंधरा दिवसांनी हॉटेलच्या मालकाचे रजिस्टर पत्र आले. सीलला जागोजाग फोड आले आहेत, काही फुटून पापुद्रे सुटू लागले आहेत, ओळखीच्या एका इंजिनिअराच्या मते हे भेसळीचे लक्षण आहे. तरी टोळीने डांबरात जळके ऑइल मिसळून वाचलेली पिंपे बाहेर विकली असा निष्कर्ष निघतो. डांबर मालकाने स्वतः विकत घेऊन दिले होते. म्हणजे शब्द 'चोरी' असा नव्हता, पण अर्थ तोच होता. शेवटी लिहिले होते की समाधानकारक खुलासा न आल्यास किनाऱ्यावरच्या इतर मालकांना या टोळीविषयी सावध करणे भाग पडेल. मी ते पत्र अंगणात मोठ्याने वाचले. बाबा खाली बसले. मामा तिथेच होता. त्याने माझ्या हातातून कागद घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. त्याला वाचता येत नसे.

खुलासा मी लिहिला. फुलस्केप कागद, खाली कार्बन, दोन प्रती. मला तेव्हा सतरावे वर्ष होते आणि संताप हा एक प्रकारचा कायदा आहे असे मला वाटत असे. करारनाम्यातल्या प्रत्येक अटीचा क्रमांक देऊन मी ती पाळली गेल्याचे प्रतिपादन केले. आवार गोड्या पाण्याने दोनदा धुण्याची अट होती. त्याखाली मी लिहिले की आमच्या मुकादमांनी ते पाणी स्वतः प्राशन करून त्याच्या गोडीची खातरजमा केलेली आहे आणि मालकाची इच्छा असल्यास ते कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेण्यास आमची तयारी आहे. संध्याकाळी मी ते सर्वांसमोर वाचले. मामा म्हणाला, “वकीलसाहेब, पत्र लिवलं का फाशी देली बे त्याले?” टोळीतली माणसे हसली. माय चुलीपाशी होती. एवढं रागाचं पत्र कोन पुरं वाचते, एवढेच ती म्हणाली, आणि माझ्या आयुष्यात माझ्या पत्रलेखनावर झालेली ही सर्वांत अचूक टीका आहे.

मालकाने पुरे वाचले. उत्तर चार ओळींचे होते: पाणी गोडे असल्याचा सरकारी दाखला पाठवावा, नंतर पुढचे बोलू. मला आनंद झाला. मालक माझ्या शब्दांत सापडला, असे मी बाबांना सांगितले. कोपऱ्यातला कॅन उघडून मी एक बाटली भरून घेतली. दाखला मिळविण्यासाठी बुलढाण्याला जावे लागणार होते. त्याआधी कॉलेजात रसायनशास्त्राच्या सरांना विचारावे, अशी बुद्धी मला झाली. ते नागपूरकडचे, शांत स्वभावाचे गृहस्थ होते. त्यांनी तीन परीक्षानळ्या घेतल्या: एकीत कॉलेजच्या नळाचे पाणी, दुसरीत माझ्या बाटलीतले, तिसरीत आमच्या घरच्या विहिरीचे, जे मी पिण्यासाठी सोबत नेत असे. प्रत्येकीत त्यांनी एका औषधाचे थेंब टाकले. पहिली किंचित धुरकट झाली. दुसरीत ताक झाले. तिसरीत दही.

सर मला रागावले नाहीत. दुसऱ्या नळीकडे बोट करून त्यांनी सांगितले की हे चांगलेच खारे आहे, समुद्राचे पाणी त्या विहिरीत झिरपत असणार. मग तिसरीकडे पाहून ते म्हणाले, “तुम्ही हे पिता, म्हणून ते तुम्हाला गोड लागलं. यात तुमच्या वडिलांचा दोष नाही.” डांबराखाली खार राहिला तर काय होते, हेही मी विचारले. ओलाव्याने तो फुगतो आणि वरचा थर उचलतो, असे त्यांनी सांगितले. फोड फोडून पाहा, आत पांढरी भुकटी सापडेल.

म्हणजे मला सर्व कळले होते. भेसळ नव्हती, चोरी नव्हती. एक चूक होती, आणि ती आमच्या सपाटीत जन्मलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकली असती. हे लिहून कळविले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण माझ्या पत्रात पाणी गोडे असल्याचे लिहिलेले होते. क्रमांक घालून लिहिलेले होते. ते खोटे ठरणे मला सहन होईना. वडिलांच्या अब्रूसाठी मी पुढचे कृत्य केले, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. ते खरे नाही. मी ते माझ्या पत्रासाठी केले.

दुसऱ्या दिवशी मी नांदुरा, मोताळा करीत राजूरचा घाट चढून बुलढाण्याला गेलो. बसस्टँडवर उतरलो, नळापाशी गेलो, बाटलीतले पाणी ओतून दिले, बाटली तीनदा विसळली आणि नळाच्या पाण्याने भरली. माझ्या मागे रांगेत एक बाई घागर घेऊन उभी होती. ती म्हणाली की एवढी काऊन धुतो, औषध न्यायचं हाय काय? मी हो म्हणालो. प्रयोगशाळेतल्या माणसाने बाटलीवर चिठ्ठी डकवली आणि त्यावर मी सांगितले तेच लिहिले: अमुक गाव, नारळाच्या वाडीतील विहीर. त्याने माझ्याकडे अविश्वासाने पाहिले नाही. एका विद्यार्थ्याने पाणी तपासायला आणावे याचे त्याला कौतुकच वाटले. चार दिवसांनी मी दाखला घेऊन आलो. पाणी पिण्यास योग्य, क्षारांचे प्रमाण मर्यादेच्या आत. खाली गोल शिक्का. खोटा पुरावा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि पुढे ज्यांच्यावर तो केल्याचा आरोप मी पत्रांतून केला त्या सर्वांपेक्षा मी तो अधिक सफाईने केला होता.

बाबांनी दाखला माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मालकाला पाठवायची घाई मी करीत होतो. ते म्हणाले, राहू दे दोन दिवस. मला वाटले ते आनंदात आहेत.  त्या दोन दिवसांत ते अंगणात बसून तंबाखू मळत आणि मळलेली तंबाखू खायची विसरत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा नेहमीप्रमाणे आला. मायने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी केल्या होत्या, वांग्याचे भरीत होते. तिघे आम्ही जेवायला बसलो, माय वाढीत होती. मामाने मालकाच्या पोटाची नक्कल सुरू केली होती, ती बाबांनी मध्येच थांबवली.

“पानी गोड व्हतं, किसन. सरकारनं लिवून देलं.”

“व्हतंच ना दाजी. मी काय खोटं बोलून राह्यलो होतो?”

“मंग फोड कायचे आले?”

मामा हसत होता, त्याचे हसू तसेच थोडा वेळ राहिले. “मले काय इचारता?”

“भट्टीवर तू व्हता,” बाबा म्हणाले.

मामाने हातातला घास खाली ठेवला. ताटात अर्धी भाकर होती. त्याने तांब्या उचलला, ताटातच हात धुतला, टोपी घेतली आणि गेला. मायच्या हातात भाकर होती, ती तिने परत टोपलीत ठेवली. माह्या भावाले चोर म्हनलं तुमी, असे ती म्हणाली, आवाज न चढवता. बाबा म्हणाले, “म्या नाई म्हनलं. कागदानं म्हनलं.”

कागद फळीवर होता. मी त्यांच्या दोघांच्या मध्ये बसलो होतो आणि जेवत होतो. ते भरीत मी संपविले, हे मला लपवायचे नाही. माझ्या खोटेपणाचा परिणाम कोणत्या दिशेने जाईल याचा मी विचारच केलेला नव्हता. पाणी निर्दोष ठरले की उरलेला दोष कुठे तरी जाऊन बसणारच, हा साधा तर्क माझ्या चौथी शिकलेल्या वडिलांनी केला आणि मी, ज्याला वकील म्हणत, केला नाही. तरीही त्या क्षणी तोंड उघडणे शक्य होते. मी उघडले नाही. उद्या सांगू, असे ठरविले. उद्या गेला, परवा गेला. मामा आला नाही. माय स्वयंपाक करी, वाढी आणि आमच्याशी बोलत नसे.

आमच्यासारख्या गावात अशी गोष्ट घराच्या चौकटीत राहत नाही. चौथ्या दिवशी पारावर मामा माझ्यापुढून चालला होता. तिथे बसलेल्यांपैकी एकाने, ज्याच्या पंगतीला मामा दहा वेळा बसला असेल, त्याला हाक मारली: “किसनराव, आमच्या छपराले पुरन एवढं डांबर राह्यलं काय?” चारपाच जण हसले. एरवी मामाने त्याला असे उत्तर दिले असते की ते आठवडाभर गावात फिरले असते. त्याने मान खाली घातली आणि चप्पल ओढीत तसाच पुढे गेला. मी घरी गेलो आणि कागद काढला.

तोंडाने सांगण्याचे धैर्य मला नव्हते, म्हणून मी वडिलांना पत्र लिहिले. तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. खाली सही करणारा मी आपणास कळवितो की. तशाच भाषेत. ते पत्र मी त्यांच्या हातात दिले आणि उभा राहिलो. ते ओसरीवर बसले, कागद उजेडाकडे धरला आणि अक्षराखाली बोट ठेवून, ऐकू येईल असे, वाचू लागले. शाळेतल्या मुलासारखे. “बुल-ढा-ण्या-च्या बस-स्टँ-ड-व-री-ल न-ळा-चे.” तिथे ते थांबले. मागे जाऊन पुन्हा वाचले. मग शेवटपर्यंत गेले. त्यात सरांच्या तीन नळ्यांचा मजकूर होता, आणि आपल्या जिभेला जे गोड लागते ते जगाला खारे लागते, असे एक वाक्य होते. ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात वाचले असावे, कारण ओठ हलले पण आवाज आला नाही. मला मार बसेल असे वाटले होते. मी ते पसंत केले असते.

“किसनले वाचून दाखवलं काय?” त्यांनी विचारले.

मी नाही म्हणालो.

“मंग हे माह्यासाठी नाई. चाल.”

भर दुपार होती. आम्ही गल्लीतून चाललो, ते पुढे, मी मागे. मामा दारात अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिले आणि वळणे चालू ठेवले. बाबांनी मला दाराच्या पायरीवर उभे केले. मी वाचले. अर्ध्याहून अधिक शब्द मामाला समजण्यासारखे नव्हते, हे वाचताना माझ्या लक्षात आले, आणि प्रत्येक वाक्यानंतर मला तेच पुन्हा साध्या बोलीत सांगावे लागले. मी “म्या पानी बदललं” असे म्हणालो तेव्हा दोर थांबला. वाचून झाले. मामी आतून पाणी घेऊन आली आणि परिस्थिती पाहून तसाच तांब्या घेऊन आत गेली.

“पोरगं हाय,” मामा म्हणाला. “त्यानं पानी बदललं. तुमाले माह्यावर शक काऊन आला?”

“कागद व्हता, किसन.”

“कागदाच्या पयले मी व्हतो ना.”

 पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ युक्तिवाद ऐकले. या वाक्याला उत्तर असेल असे मला आजही वाटत नाही. बाबांनी टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. एवढेच. मामाने दोर पुन्हा घेतला.

मालकाला दुसरे पत्र गेले ते बाबांनी सांगितले आणि मी लिहून घेतले. पाणी खारे होते. आम्हाला कळले नाही. डांबरात काही नव्हते. पावसाआधी येऊन पुन्हा करून देतो. त्यात मी एक शब्दही घातला नाही. माझा दाखला बाबांनी चुलीत घातला. त्याला विस्तव लागताना पाहायला त्यांनी मला बोलावले होते. मालकाने या म्हणून कळविले. चोरीच्या आरोपाबद्दल त्याने एक अक्षर लिहिले नाही. तो आरोप लेखी मागे घ्यावा म्हणून मी त्याला पुढे कित्येक वर्षे पत्रे पाठवीत होतो, तो वारला तेव्हा त्याच्या मुलाला पाठविली, आणि याबाबतीत माझा राग आजही जसाच्या तसा आहे. करारभंग आम्ही कबूल केला होता. चोरीचा आरोप त्याच्या पत्रात तसाच उभा राहिला.

त्या वेळी मीही टोळीबरोबर गेलो. मी प्रथमच समुद्र पाहिला, पण माझी नजर आवारावर होती. फोड दिसत होते, काही पुरीएवढे. बाबांनी एक फोड चाकूने उघडला. आत पांढरी भुकटी होती. त्यांनी ती बोटाने उचलून जिभेवर ठेवली. सबंध थर खरवडून काढायला सहा दिवस लागले. या वेळी पाणी टाकीचे घ्यायचे ठरले, तरी धुण्याआधी बाबांनी पेला भरला आणि हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडे नेला. “बाई, एवढं चाखून सांगा,” ते म्हणाले. “आमच्या जिभेचा भरोसा नाई.” त्या बाई हसल्या, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसायच्या थांबल्या आणि पेला प्यायल्या. गोड आहे, म्हणाल्या. दोन्ही धुण्यांच्या आधी बाबांनी हेच केले, टाकी तीच असताना.

मामा आला होता. मायने त्याला आण घातली होती असे मला नंतर कळले. भट्टी त्यानेच सांभाळली. त्याच्यासारखी धार दुसऱ्या कोणाला ओळखता येत नव्हती. काम तो पूर्वीइतकेच चोख करी आणि इतरांशी थट्टाही करी. फक्त रोज सकाळी, भट्टीला जाळ घालण्याआधी, तो पिंपाचे झाकण काढी, बाजूला उभा राही आणि बाबांना हाक मारी. “मुकादम, पाहून घ्या.” तो त्यांना दाजी म्हणेनासा झाला होता. बाबा आवाराच्या दुसऱ्या टोकाला असले, हातातले काम अर्धे असले, तरी ते सोडून येत. गरज नाही, राहू दे, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहिलेला नाही हे त्यांना ठाऊक होते. ते पिंपावर वाकत, आतल्या काळ्या डांबराकडे पाहत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणत, “पाह्यलं.” मग मामा जाळ घाली.